हात पोचत नाहीत

११ मार्च

दादा,

इतक्या वर्षांनी माझं नाव बघून तुला बाबांचंच काहीतरी वाटेल, म्हणून आधीच सांगते, बाबा ठीक आहेत. गुडघा दुखतो, आणि कपाटाचं दार दुरुस्त करायचं म्हणून काढून ठेवलंय ते लावायचं नाव नाही. बाकी काही नाही. मी लिहितेय ते कामाचं आहे, आणि सहज आहे.

मी अजून मास्तरांकडेच आहे. कर्णबधिरांच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी दुभाष्यांचं केंद्र काढलं, ते तू जायच्या सुमारासच. आता आम्ही दोन खोल्यांत बसतो. भिंती निळ्या रंगवल्यात आणि आम्ही सगळे काळे सदरे घालतो, हात उठून दिसावेत म्हणून. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं कुणीतरी गेलंय.

तुमच्या देशात इथून गेलेली, ऐकू न येणारी माणसं पुष्कळ आहेत. तिथली खुणांची भाषा वेगळी, आपली वेगळी. ही माणसं तिथल्या इस्पितळात गेली की समोर एक टॅबलेट ठेवतात आणि त्यात आम्ही असतो. डॉक्टर बोलतात ते मी हातांनी सांगते, आणि ही माणसं हातांनी बोलतात ते मी तोंडाने. तुला वेगळं काय सांगायचं. बाबांना बाजारात नेऊन आपण दोघांनी लहानपणभर हेच केलं.

तर विचारायचं असं. तुझी कंपनी तिथे घराघरांत आणि इस्पितळांत इंटरनेट पुरवते ना? तिथे तो नेट न्यूट्रॅलिटीचा नियम उठवला, म्हणजे सगळ्यांचा मजकूर एकाच वेगाने न्यायचा, हा आपला तो परका असं करायचं नाही, तो नियम. आम्ही ती बातमी वाचून पान उलटलं. दुसऱ्याच्या देशातला कायदा, आपल्याला काय त्याचं. मास्तर तेवढे म्हणाले, बघू या कुणाकुणाला काय त्याचं ते.

गेल्या महिन्यापासून आमचं चित्र अडकतंय. आवाज व्यवस्थित जातो. बोलणाऱ्या माणसाचं चित्र थांबलं तरी त्याचं अडत नाही, ऐकू तर येतं. आमचं सगळं बोलणं चित्रातच. हात वर गेलेला दिसतो, मग एकदम खाली आलेला, मधलं वाक्य गायब. इथली तार बदलली, यंत्रं बदलली. देशातल्या देशात लावलं तर आरशासारखं दिसतं. तुमच्याकडे शिरलं की गचके बसायला लागतात, आणि तुमच्या संध्याकाळी सगळ्यात जास्त. तेव्हा लोक घरी येऊन सिनेमे बघतात म्हणे.

हे तुमच्याकडून होतंय का, एवढंच सांग.

धाकटी

२३ मार्च

दादा,

तुझं उत्तर मिळालं. चारच ओळी, पण आल्या. त्या मी मास्तरांना वाचून दाखवल्या. कुणालाही मुद्दाम हळू केलेलं नाही, ज्यांनी करार केलाय त्यांना पुढे घेतलं जातं, तुमची सेवा बाहेरून येते आणि लहान आहे म्हणून ती कुठल्याच करारात नाही, आणि हे माझ्या हातात नाही.

मास्तरांनी दोनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, त्याचं बरोबर आहे. मला काही ते बरोबर वाटेना. असं समज, इस्पितळाच्या खिडकीपुढे मी रांगेत उभी आहे आणि बाजूच्या दाराने एकेकाला आत सोडताहेत. मला कुणी ढकललेलं नाही हे खरंच, पण माझा नंबर काही येत नाही.

करार आम्हीही मागून पाहिला. त्यासाठी तिथे नोंदलेली कंपनी लागते. रक्कम ऐकून मास्तर हसले, त्यावरून काय ते समज. मोठ्या कंपन्यांचे व्हिडिओ फोन वापरा असं तू म्हणशील, ते पुढच्या रांगेतले आहेत, सुरळीत चालतात. पण रुग्णाची माहिती त्यांच्यामार्फत जाऊ द्यायला इस्पितळाची परवानगी नाही. लिहून दाखवा म्हणशील, तर बाबा चार ओळी वाचायला बसले की त्यांचं काय होतं ते तू पाहिलं आहेस. लिहिलेली भाषा त्यांना जन्मभर परकीच राहिली. आमच्या रुग्णांचंही तसंच, आणि तिथली लिपी तर त्यांना नवीन.

म्हणून आम्हीच बदललो. हात सावकाश चालवतो, छोटी वाक्यं करतो. प्रत्येक वाक्यानंतर समोरच्याला म्हणतो, काय कळलं ते मला परत सांगा. डॉक्टर घड्याळ बघतात. त्यांना माझा आवाज स्पष्ट येतो, त्यामुळे सगळं नीट चाललंय असंच त्यांना वाटतं.

तुझं पत्र आल्याचं बाबांना सांगितलं. त्यांनी डोक्याच्या मागे बोट दोनदा गोल फिरवलं. तुझे दोन भोवरे. खुणेतलं तुझं ते नाव तू विसरला नसशील. बरा आहे का, विचारलं, आणि पुन्हा कपाटाकडे वळले.

तुझ्या लग्नाच्या वेळचं मी काढणार नव्हते, पण हात लिहितोच आहे तर लिहू दे. तू मला म्हणाला होतास, पहिल्या रांगेत बसून हातवारे करू नकोस, तिच्या घरचे बघत राहतील. मी नाही केले. सगळी भाषणं होईपर्यंत बाबा हॉलमध्ये ताठ बसून होते आणि लोक हसले की हसत होते. घरी आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, माझ्याबद्दल कुणी काही बोललं का. तू बोलला होतास, चांगलंच बोलला होतास. ते मी त्यांना घरी सांगितलं. पण त्यानंतर तुझा फोन आला की ते पडद्यासमोर येईनात, आणि मग तुझे फोन थांबले.

असो.

धाकटी

१९ एप्रिल

दादा,

तक्रार कुठे करायची ते तू कळवलंस, त्याबद्दल आभार. केली. त्याचं काय झालं ते सांगते.

तुमच्या सरकारी कार्यालयाचा अर्ज तिथला पत्ता आणि तिथलं बिल मागतो. माझ्याकडे दोन्ही नाही. तुझ्या कंपनीच्या बाई फोनवर फार गोड बोलल्या. म्हणाल्या, तुम्ही आमच्या ग्राहक नाही, ग्राहकाने तक्रार करायला हवी. मी म्हटलं, ग्राहक इस्पितळ आहे. इस्पितळ म्हणालं, आमचं इंटरनेट उत्तम चालतं, दोष तुमच्या सेवेत दिसतो. मग आपल्या इथल्या दूरसंचार खात्यात गेले. तिथले साहेब खरंच भले. त्यांनी बसवलं, पाणी दिलं, फाइल उघडून दाखवली. आपल्याकडे नियम आहे, कडक आहे, पण तो आपल्या हद्दीपुरता. तुमचं काम हद्दीपलीकडे अडतंय, तिथे आमचं काही चालत नाही. मी म्हटलं, मग कुणाचं चालतं? ते म्हणाले, तिथल्या लोकांचं, त्यांनी मत देऊन बदलायचं. आमची माणसं तिथे कामाला गेलेली आहेत, त्यांना कुठलं मत?

ज्यांना त्रास होतोय त्यांनी स्वतः फोन करावा असंही एकाने सुचवलं. ज्यांना ऐकू येत नाही, त्यांनी.

कामावर एक वाईट झालंय. आत्ता नाही लिहीत.

बाबांनी कपाटाचं दार लावलं. उलटं बसलं. पुन्हा काढलंय.

धाकटी

२ मे

दादा,

काय झालं म्हणून तू विचारलंस. तू आपणहून विचारशील असं वाटलं नव्हतं.

तिथे एक शिंपीण आहे. मास्तरांची विद्यार्थिनी, नवराही ऐकू न येणारा, दोघं एका कपड्यांच्या कारखान्यात कामाला गेली. खुणेतलं तिचं नाव सुई. ती गरोदर होती. पहिल्या तपासणीपासून पडद्यावर मीच होते, कारण दुभाष्या दर वेळी तोच असावा असं तिने मागून घेतलं होतं. बाळाने पहिली लाथ मारली तेव्हा तिने डॉक्टरांच्या आधी मला सांगितलं. सोनोग्राफी चालू असताना ती मशीनकडे बघायची नाही, माझ्याकडे बघायची, कारण बातमी माझ्या हातातून यायची.

आठव्या महिन्यातली तपासणी तुमच्या संध्याकाळी होती. चित्र पहिल्यापासून गचके खात होतं. डॉक्टरीणबाई शेवटी म्हणाल्या, बाळाची हालचाल कमी वाटली तर वाट बघू नका, लगेच या. एरवी पुढच्या आठवड्यात या.

तुला आठवत असेल, आपल्या खुणांत 'नाही' शेवटी येतं. बाळ, हालचाल, कमी, वाट बघणं, नाही, लगेच येणं. मी ते सगळं केलं. केलंच, दादा. पण तिकडे चित्र 'वाट बघणं' वर थांबलं, आणि सुटलं तेव्हा मी पुढच्या आठवड्यात या म्हणत होते. म्हणजे तिने पाहिलं ते असं: हालचाल कमी वाटली तर वाट बघा, पुढच्या आठवड्यात या.

हे त्या वेळी मला कळलं नाही. मी विचारलं, काय कळलं ते सांगा. तिचे हात तुकड्यातुकड्यांत दिसले. बाळ दिसलं, हालचाल दिसली, पुढचा आठवडा दिसला. मी पुन्हा विचारलं. तिने 'हो' म्हणून मान हलवली. डॉक्टरीणबाईंचा पुढचा रुग्ण दारात उभा होता. त्यांनी आभार मानले आणि टॅबलेट बंद झाला.

बाळाची हालचाल कमी झाली. तिने वाट बघितली. पुढच्या आठवड्यात ठरल्या वेळी, केस विंचरून, पिशवीत कागद घेऊन ती आली.

ठोके नव्हते. ते तिला मी सांगितलं. चित्र तेव्हा नेमकं स्वच्छ होतं.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तुम्ही लवकर का आला नाहीत. मी ते हातांनी विचारलं. ती म्हणाली, तुम्हीच वाट बघायला सांगितलं होतं. आमच्या कामाचा नियम असा की समोरचा जे म्हणेल ते आपण 'मी' म्हणून बोलायचं, आपलं काही घालायचं नाही. तर मी माझ्या तोंडाने डॉक्टरांना म्हटलं, तुम्हीच मला वाट बघायला सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मी असं अजिबात सांगितलं नव्हतं. तेही मी माझ्या हातांनी तिला सांगितलं.

मग मी नियम मोडला. मी दुभाष्या म्हणून बोलतेय असं सांगून म्हटलं, त्या दिवशी चित्र अडकत होतं, वाक्य पोचलं नसणार. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मग तेव्हाच सांगायला हवं होतं ना. त्या रागावल्या नव्हत्या, रडवेल्या झाल्या होत्या. मी सुईकडे वळून तेच हातांनी सांगायला लागले, आणि चित्र थांबलं ते पुन्हा सुरू झालंच नाही. तिने शेवटचं पाहिलं ते 'मी असं सांगितलं नव्हतं', एवढंच.

तिच्या कागदावर त्यांनी लिहिलंय, रुग्णाने सूचनांचं पालन केलं नाही.

धाकटी

१६ मे

दादा,

तू लिहितोस ते खरं आहे. ही वाहिनी आजारी माणसांची आहे हे यंत्राला कळत नाही. तू वरच्यांना विचारलंस, त्यांनी करार दाखवला. तू आणखी बोललास तर तुझी नोकरी आणि तिथे राहायचा परवाना दोन्ही जातील. तू तिथे साहेब असशील असं आम्ही समजत होतो, तसं नाही हेही कळलं. मी तुझ्यावर चिडलेली नाही. चिडायला कुणीतरी समोर लागतं, इथे मी नुसती एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातेय.

आता मागायचं ते मागते.

सुई कामावर जात नाही. मशीनला हात लावत नाही. मास्तरांनी तिला चित्रफीत करून पाठवली, तुझी काही चूक नाही म्हणून. अशी फीत जाते, वेळ लागतो पण जाते. तिचं उत्तर आलं. म्हणाली, मास्तर, शाळेत मी पडले तरी तुम्ही असंच म्हणायचा. मग मी पाठवली. त्यावर ती म्हणाली, मी मान हलवली होती, तुम्ही पाहिलं होतं. फितीशी बोलता येत नाही रे. ती मध्येच काही विचारते, आणि फीत आपली पुढे चालत राहते. तिचा नवरा म्हणतो, समोर कुणीतरी बसून सांगितल्याशिवाय तिला पटणार नाही.

तिचं घर तुझ्यापासून गाडीने तासाभरावर आहे. आपल्या खुणा येणारा आणि ऐकू येणारा माणूस त्या भागात मला तू एकटाच माहीत आहेस. तिची परवानगी मास्तरांनी घेतली आहे. माझा भाऊ येईल एवढंच तिला माहीत आहे, तू कुठे काम करतोस ते नाही.

हात गंजलेत असं म्हणू नकोस. तू बोलायला लागायच्या आधी खुणा करायला लागला होतास, आई सांगायची.

पत्ता खाली देते आहे.

धाकटी

२१ मे

दादा,

तुझं काही आलं नाही. मी पुन्हा विचारणार नाही.

बाबांना मी सगळं सांगितलं. त्यांनी मला फीत करायला लावली. पाठवते आहे. ती तुझ्यासाठी आहे. पहिल्यांदा माझ्यावर खेकसताहेत, कॅमेरा नीट धर म्हणून, ते सोडून दे. पुढे त्यांनी शब्द दाखवलेत, एकेक करून, तू लहान असताना दाखवायचे तसे. बाळ. वाट. डॉक्टर. पोचलं नाही. शेवटी तुझं नाव घेतात ते मी मुद्दाम कापलेलं नाही.

धाकटी

९ जून

दादा,

आधी इथलं सांगते. इस्पितळाने आमचं काम थांबवलं. त्यांनी तिथलीच एक सेवा घेतली, करारातली, वेगवान. तिचं चित्र लख्ख दिसतं म्हणे. तिथे आपल्या खुणा कुणाला येत नाहीत, पण ते चित्रात दिसत नाही. बाकीची दोन इस्पितळंही तेच करतील. मास्तरांनी आतली खोली सोडली. निळा रंग मालकाला नको होता, म्हणून काल आम्ही तिघांनी मिळून भिंत पांढरी केली. मास्तर शिडीवर चढू देत नव्हते आणि स्वतःही चढू शकत नव्हते.

आमच्याकडे पडद्यावर येणारी किती माणसं होती तुमच्या देशात. एक डायलिसिसवाले आजोबा होते, ते दर खेपेला मला जावयाच्या चहाड्या सांगायचे. त्यांना आता कोण काय सांगतं, कळायला मार्ग नाही.

आता तुझं पत्र. या वेळी चार ओळी नाहीत. मी ते उभ्यानेच वाचलं आणि मग बाबांना हातांनी सांगितलं, सबंध.

दार तिच्या नवऱ्याने उघडलं. तुला पहिल्यांदा 'जेवलात का' एवढंच आठवलं, आणि ते तू इतकं लहान मुलासारखं केलंस की ती हसली. नवऱ्याने तुला मागाहून सांगितलं, त्या दिवसानंतर ती पहिल्यांदा हसली. इथे बाबांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा सांगायला लावलं.

मग तू सांगायला लागलास. डॉक्टर, वाट बघणं, नाही. माझ्या बहिणीने 'नाही' केलं होतं, ते पोचलं नाही. तिथपर्यंत जमलं. पण 'तुझी चूक नाही' म्हणायचं तर चूक ही खूण तुला येईना. बाबांच्या फितीत ती राहून गेली होती. तू दुसऱ्या वाटांनी प्रयत्न केलास, वाईट म्हणालास, पडणं म्हणालास. तुला काय हवंय ते तिला कळलं, आणि तिनेच तुला चूक कशी करतात ते दाखवलं. तुझं बोट धरून नीट केलं. मग तिच्याकडून शिकलेल्या खुणेने तू तिला सांगितलंस, चूक तुझी नाही.

तिने तुला ते तीनदा सांगायला लावलं. तिसऱ्या वेळी नवरा उठून दुसऱ्या खोलीत गेला.

आणि मग तिने विचारलं. तुझ्या बहिणीने 'नाही' म्हटलं. ते माझ्यापर्यंत आलं नाही. वाटेत राहिलं. वाटेत म्हणजे कुठे?

तू लिहितोस, मी म्हटलं मला माहीत नाही. तू लिहितोस, ती वाट रोज माझ्या पडद्यावर असते, कुठला मजकूर कुठे थांबतो ते मला दिसतं. तरी म्हटलं, माहीत नाही. तिने चहा केला, तू तो प्यालास आणि निघालास.

सांगायला हवं होतं का, असं तू मला विचारतोस. मी बाबांना विचारलं. ते म्हणाले, सांगितलं तरी ती दाद मागायला कुठे जाणार?

मला वाटतं, सांगितलं असतंस तर तिने तुला घरातून काढलं असतं, किंवा नसतं काढलं. पण तुझी कंपनी जागची हलली नसती. तिथला कायदा हलला नसता. कागदावरचं ते वाक्यही तसंच राहिलं असतं, कारण ते खोडायला डॉक्टरीणबाई तयार आहेत आणि इस्पितळाचा वकील तयार नाही.

सुईचा निरोप मास्तरांकडे आलाय. तिला पुन्हा तपासणीला बोलावलंय आणि त्या नव्या सेवेतल्या माणसाच्या खुणा तिला कळत नाहीत. दोन भोवरेवाला येईल का, असं तिने विचारलंय. म्हणजे तुझं नाव तू तिला सांगितलंस.

सुट्टी मिळाली तर जा. तिच्या समोर खुर्ची घे, प्रकाश तुझ्या हातांवर पडेल अशी. डॉक्टर भराभर बोलायला लागल्या तर त्यांना थांबव.

वाटेत म्हणजे कुठे, हे ती परत विचारेल. तेव्हा काय सांगायचं ते मला विचारू नकोस.

धाकटी